औषध आधी, निदान मागाहून

1948 साली एखाद्या मोठ्या मनोरुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला नेमका कोणता विकार आहे, हे कळलं काय आणि न कळलं काय, त्याच्या दिनक्रमात फारसा फरक पडत नसे. केसपेपरवर उन्माद लिहिलेलं असो, नैराश्य असो की स्किझोफ्रेनिया, पुढचे उपाय ठरलेले. झोपेचं औषध, थंड पाण्यातल्या चादरींत घट्ट गुंडाळणं, इन्शुलिन टोचून आणलेली बेशुद्धी, विजेचा झटका, आणि कशालाच दाद मिळाली नाही तर मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू कापणं. या शेवटच्या शस्त्रक्रियेबद्दल पोर्तुगालच्या एगास मोनिझला 1949 मध्ये चक्क नोबेल पारितोषिक मिळालं. विजेच्या झटक्याने खोल नैराश्य उतरतं हे तेव्हाही दिसत होतं, आणि भूल देऊन तो उपचार आजही केला जातो. पण त्या काळी तो ज्याला लागू पडेल आणि ज्याला नाही, अशा दोघांनाही सारखाच मिळे.

निदानाची विद्या नव्हती असं मुळीच नाही. हायडेलबर्गच्या एमिल क्रेपेलिनने 1899 मध्येच गंभीर मनोविकारांची मोठी विभागणी करून ठेवली होती. रोगी आज कसा दिसतो यापेक्षा त्याचा आजार वर्षानुवर्षं कसा सरकतो, याकडे तो पाहायचा. एका गटातले रुग्ण हळूहळू खचत जातात. दुसऱ्या गटात आजार लाटेसारखा येतो आणि ओसरतो, मधल्या काळात माणूस बरा असतो. पहिल्याला पुढे स्किझोफ्रेनिया हे नाव मिळालं, दुसऱ्याला उन्माद-नैराश्य. विभागणी मोठी मार्मिक होती. पण दोन्ही गटांना द्यायचं औषध एकच, म्हणजे कोणतंच नाही, तेव्हा ती ग्रंथांत राहिली. अमेरिकेत तर मनोविश्लेषणाचा एवढा जोर होता की रोगाला नाव देणं हे जरा खालच्या दर्जाचं काम समजलं जाई. रुग्णाच्या बालपणात काय दडलंय हे शोधायचं, लेबल चिकटवून काय मिळणार?

पुढच्या तीस वर्षांत हे सगळं पालटलं. ते कुणा नव्या सिद्धान्तामुळे पालटलं, असं मला वाटत नाही. आधी औषधं आली, तीही बहुतेक भलत्याच कामासाठी निघालेली. एका रुग्णाला ती लागू पडत, शेजारच्या खाटेवरच्याला पडत नसत. मग या दोघांत फरक काय, हे विचारणं भाग पडलं.

सुरुवात मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या मनोरुग्णालयातली. जॉन केड हा तिथला डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती लागला आणि तीन वर्षांहून जास्त काळ चांगीच्या छावणीत युद्धकैदी होता. परत आल्यावर त्याने रुग्णालयाच्या एका वापरात नसलेल्या कोठीघरात आपली प्रयोगशाळा मांडली. साधनं जेमतेम होती. लघवीच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागत. त्याची कल्पना अशी होती की उन्माद म्हणजे शरीरातल्या कुठल्या तरी द्रव्याचा अतिरेक असावा आणि नैराश्य म्हणजे त्याच द्रव्याची टंचाई. अतिरेक असेल तर जादाचं द्रव्य लघवीत उतरणार. म्हणून तो उन्मादाच्या रुग्णांची लघवी गिनीपिगच्या पोटात टोचू लागला.

गिनीपिग मेले. युरियामुळे मेले हे त्याने शोधलं, मग युरिक आम्ल त्यात काय भर घालतं हे पाहायचं ठरवलं. युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळेना. त्याचा सगळ्यात सहज विरघळणारा क्षार लिथियमचा, म्हणून तो घेतला. विषाचा परिणाम अनपेक्षितपणे कमी झाला. मग नुसतंच लिथियम टोचलं, तर एरवी हात लावताच बिथरणारे प्राणी तासा-दोन तासांनी शांत पडून राहिले; उताणं केलं तरी स्वस्थ. पुढे काही जणांनी म्हटलं की ते शांत नव्हते, लिथियमच्या विषबाधेने गळून गेले होते. शक्य आहे. एकंदरीत कल्पना चुकीची, प्रयोग कच्चा आणि निष्कर्ष शंकास्पद, असा हा सगळा मामला होता. केडने औषध आधी स्वतः घेऊन पाहिलं आणि मग 29 मार्च 1948 रोजी एका 51 वर्षांच्या रुग्णाला द्यायला सुरुवात केली. हा माणूस पाच वर्षं सतत उन्मादाच्या अवस्थेत होता. अस्वच्छ, अखंड चळवळ्या, साऱ्या वॉर्डाला उपद्रव. काही आठवड्यांत तो सावरला, काही महिन्यांत घरी गेला आणि जुन्या नोकरीवर रुजू झाला.

3 सप्टेंबर 1949 च्या 'मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया'मध्ये केडचा लेख आला. त्यात उन्मादाचे 10 रुग्ण आहेत आणि दहाही सुधारलेले, हे सगळेच सांगतात. मला त्याच लेखातल्या बाकीच्या नऊ रुग्णांची नोंद जास्त मोलाची वाटते. स्किझोफ्रेनियाचे सहा जण लिथियमवर थोडे शांत झाले, पण त्यांचे भ्रम जागच्या जागी राहिले. नैराश्याच्या तिघांवर काहीच परिणाम दिसला नाही. एका औषधाने क्रेपेलिनची जुनी रेघ पुन्हा ओढली होती, आणि या वेळी ती रेघ रुग्णाच्या खाटेपाशी उमटली होती.

पहिल्या रुग्णाचा शेवट मात्र वाईट झाला. घरी गेल्यावर त्याने औषध सोडलं, आजार उलटला, पुन्हा लिथियम सुरू झालं, आणि 1950 मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं. रक्तातलं प्रमाण मोजायची सोय तेव्हा बुंडूऱ्यात नव्हती. केडने तिथे लिथियम वापरणं थांबवलं. त्याच सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं. त्याने काही माणसं दगावली आणि तिथल्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढलं. त्यामुळे अमेरिकेत लिथियमची गोळी उन्मादासाठी मंजूर व्हायला 1970 साल उजाडलं. शिवाय लिथियम हे साधं मूलद्रव्य. त्याचं पेटंट कोण घेणार आणि प्रचार कोण करणार? डेन्मार्कचा मोगेन्स शाऊ ते धरून बसला, म्हणून टिकलं. शाऊच्या भावाला वारंवार नैराश्य येई. आर्हूसजवळच्या रुग्णालयात त्याने 1954 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत काही रुग्णांना लिथियम द्यायचं की निष्क्रिय गोळी, हे नाणं उडवून ठरवलं होतं. मनोविकारांच्या औषधांची इतक्या कसोशीने घेतलेल्या अगदी पहिल्या चाचण्यांपैकी ती एक.

तोपर्यंत पॅरिसमध्ये वेगळाच गाजावाजा झाला होता. रोन-पूलेंक कंपनीने डिसेंबर 1950 मध्ये एक रसायन तयार केलं, क्रमांक 4560 आर.पी. नौदलाचा शल्यवैद्य आंरी लाबोरी याला शस्त्रक्रियेच्या धक्क्याने माणसं दगावतात त्यावर उपाय हवा होता. हे औषध दिल्यावर रुग्ण झोपत नाही, पण आजूबाजूच्या गोष्टींशी त्याला जणू घेणंदेणं उरत नाही, हे लाबोरीच्या लक्षात आलं. भूलतज्ज्ञांसाठी निघालेलं औषध त्याने मानसोपचारवाल्यांच्या गळी उतरवलं. जानेवारी 1952 मध्ये वाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात उन्मादाच्या एका तरुण रुग्णाला ते दिलं गेलं; पाठोपाठ सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी बाकी सगळी औषधं बंद ठेवून एकटं हेच वापरून पाहिलं. ओरडणारे वॉर्ड शांत झाले. क्लोरप्रोमाझिन, म्हणजे आपल्याकडे जुन्या डॉक्टरांच्या तोंडी असलेलं 'लार्गॅक्टिल', ते हेच. नाव ठेवणाऱ्यांना त्याची करणी 'लार्ज' म्हणजे विस्तृत आहे असं सुचवायचं होतं, आणि तिथेच आपल्या गोष्टीला वळसा पडतो. लार्गॅक्टिलला निदानाची फिकीरच नव्हती. उन्माद असो, स्किझोफ्रेनिया असो, तापातली बडबड असो, ते सगळ्यांनाच शांत करी. डॉक्टरला निदान करायला शिकवणारं हे औषध नव्हे. उलट, काय झालंय ते न विचारता द्यायची सवय त्याने लावली. आणि हात थरथरणं, चेहरा ताठ होणं, वर्षानुवर्षं घेतल्यावर जिभेची-ओठांची आपोआप होणारी हालचाल हे त्याचे दाम लाखो रुग्णांनी मोजले.

तरी त्याने रुग्णालयांची दारं किलकिली केली हेही खरं. 1955 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत 5 लाख 58 हजारांहून अधिक माणसं होती. त्यानंतर हा आकडा उतरत गेला तो उतरतच गेला. सगळं श्रेय गोळीचं नव्हे. सरकारी पैशाची गणितंही बदलली, आणि बाहेर काढलेल्या कित्येकांच्या वाट्याला पुढे रस्ता किंवा तुरुंग आला.

या हकिगतीत मुंबईचं एक पान आहे आणि ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सर्पगंधेची मुळी बिहारात 'पागल की दवा' म्हणून शतकानुशतकं विकली जात होती. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो, असा लेख एका भारतीय वैद्यकीय मासिकात लिहिला. त्याची दखल बाहेर कुणी घेतली नाही. के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मग रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर सर्पगंधा पद्धतशीर वापरून पाहिली. 1949 मध्ये, केडच्या लेखाच्याच वर्षी, त्यांचा निबंध 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला, आणि बाहेरच्या जगाने मान वर केली. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्सने ती रक्तदाबासाठी दिली, तेव्हा रुग्ण निवांत होतात हे त्याला जाणवलं. 1952 मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत मुळीतलं प्रभावी द्रव्य वेगळं झालं, त्याला रेसरपीन म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड रुग्णालयात नेथन क्लाइनने ते शेकडो मनोरुग्णांना दिलं आणि 1954 मध्ये परिणाम जाहीर केले.

1957 चं लास्कर पारितोषिक वाटलं गेलं तेव्हा क्लाइन, लाबोरी, देनिकेर आणि कॅनडाचा हाइन्झ लेहमन यांच्या रांगेत वकील यांचंही नाव होतं. मनोविकारांवरच्या औषधांसाठी दिलेल्या सन्मानात रक्तदाबाचा डॉक्टर! दले यांचं नाव त्या यादीत नव्हतं. सेंट-ॲनचा प्रमुख वगळला आणि त्याच्या साहाय्यकाला गौरवलं, यावरून पॅरिसमध्ये बरीच कटुता आली.

रेसरपीन मनोरुग्णालयांत फार काळ टिकलं नाही; लार्गॅक्टिल लवकर गुण देई. पण जाता जाता ते एक कोडं ठेवून गेलं. रक्तदाबासाठी ते घेणाऱ्यांपैकी काही जण उदास होतात, असे अहवाल येऊ लागले. 1955 मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडीच्या प्रयोगशाळेत दिसलं की रेसरपीन शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. दोन आणि दोन चार झाले: मेंदूतली रसायनं घटली की माणूस उदास होतो. गंमत अशी की त्याच वर्षी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिंतेने व उदासीने ग्रासलेल्या रुग्णांना रेसरपीन दिलं आणि त्यांना बरं वाटलं! चाचणी चांगली होती, छापलीही गेली चांगल्या जागी. पण सुटसुटीत गोष्टीत ती बसत नव्हती, म्हणून बाजूला पडली.

उदासीला औषध असू शकतं, हा सुगावा लागला तो क्षयाच्या वॉर्डात. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनायझिड हे नवं औषध मिळू लागलं. फुप्फुसांचं काय व्हायचं ते होवो, रुग्ण भलतेच उल्हसित झाले. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली. पाच वर्षांनी क्लाइननेच ते नैराश्यासाठी वापरलं.

पण नैराश्याचं निदान शिकवलं ते इमिप्रॅमिनने. बोडेन सरोवराच्या काठी, स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलांड कून काम करी. बाझेलची गायगी कंपनी त्याला नवी रसायनं पाठवायची. लार्गॅक्टिलशी मिळतीजुळती रचना असलेलं जी 22355 तिने पाठवलं ते स्किझोफ्रेनियासाठी. त्या रुग्णांना त्याचा गुण आला नाहीच, काही जण उलट खवळले. दुसरा कुणी असता तर नमुना परत पाठवून मोकळा झाला असता. कून रुग्णांशी तासन् तास बोलणारा माणूस होता. मोजपट्ट्या आणि गुणांकन त्याला मान्य नव्हते. हे औषध माणसाला वर उचलतंय, हे त्याला त्या खवळण्यात दिसलं. जानेवारी 1956 मध्ये त्याने खोल नैराश्यातल्या एका बाईंना ते दिलं. आठवड्याच्या आतच त्या बदललेल्या दिसल्या. पुढच्या काळात सुमारे 40 जणांवर अनुभव घेऊन 1957 च्या ऑगस्टअखेर त्याने लेख छापला आणि सप्टेंबरमध्ये झ्युरिकच्या जागतिक परिषदेत वाचून दाखवला. ऐकायला डझनभर माणसं होती.

कूनच्या लेखाची खरी ताकद औषधाच्या बातमीपेक्षा त्यातल्या वर्णनात आहे. सगळ्या दुःखी माणसांना हे औषध द्या, असं तो म्हणत नाही. ज्यांना सकाळी जास्त वाईट वाटतं आणि दिवस चढेल तसं थोडं हलकं वाटतं, ज्यांचं बोलणं-चालणं मंदावलंय, अंग जड झालंय, कशातच रस उरलेला नाही, स्वतःला सतत दोष देणं चाललंय, अशांना ते लागू पडतं. अमक्या प्रकारच्या उदासीला गुण, तमक्या प्रकारच्या उदासीला नाही. हे क्रेपेलिनच्या ग्रंथात सापडलं असतं का? थोडं सापडलं असतं. पण औषध हातात नसताना इतकं बारीक पाहायची निकड कुणाला होती?

कूनची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. त्याने दशकानुदशकं कंपन्यांची डझनावारी रसायनं आपल्या रुग्णांना दिली. पुष्कळांना आपण प्रयोगातले आहोत याची कल्पना नव्हती, आणि त्यांत मुलंही होती. थुरगाऊ प्रांताने इतिहासकारांकडून याची चौकशी करवली आणि 2019 मध्ये तिचा वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुग्णाजवळ बसून बारकाईने पाहणारा डॉक्टर आणि त्याच रुग्णाला न विचारता औषध चारणारा डॉक्टर, हे एकाच माणसात होते.

औषध हाती आल्यावर त्याला रोगी लागतात. नैराश्य हा त्या काळी फारसा न दिसणारा, रुग्णालयातला आजार मानला जाई. फॅमिली डॉक्टरकडे येणारी माणसं झोप नाही, भूक नाही, पोट बिघडलंय, अंग दुखतंय अशाच तक्रारी सांगत, आणि टॉनिक घेऊन घरी जात. 1961 मध्ये बाल्टिमोरच्या फ्रँक एड या मानसोपचारतज्ज्ञाने, निराश रुग्ण ओळखावा कसा, हे साध्या डॉक्टरांना समजावणारं पुस्तक लिहिलं. मर्क कंपनी तेव्हा ॲमिट्रिप्टिलीन हे आपलं औषध बाजारात आणत होती. तिने त्या पुस्तकाच्या 50 हजार प्रती विकत घेतल्या आणि डॉक्टरांना वाटल्या. पुस्तक चांगलंच होतं, त्याने अनेकांचं न ओळखलेलं दुखणं ओळखलं गेलं असणार. तरी निदानाचे धडे औषध विकणाऱ्याच्या खर्चाने वाटले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे.

चिंतेची कथा आणखी सरळ. 1955 मध्ये मिलटाउन ही गोळी आली आणि अमेरिकेत तिच्यावर उड्या पडल्या. 1960 मध्ये लिब्रियम, 1963 मध्ये व्हॅलियम. काळजी, धडधड, छातीत गोळा, झोप न लागणं, सगळ्यांवर एकच गोळी, म्हणून सगळ्यांचं एकच नाव: चिंता. आणि इथे डोनाल्ड क्लाइन येतो. आडनावाचा उच्चार मराठीत सारखाच होतो, पण रॉकलंडचा क्लाइन वेगळा. हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या हिलसाइड रुग्णालयात काम करायचा. 1959 च्या आसपास त्याने आणि मॅक्स फिंकने नुकतंच आलेलं इमिप्रॅमिन निरनिराळ्या निदानांच्या रुग्णांना देऊन पाहायला सुरुवात केली. त्यांत काही जण असे होते की त्यांना एकाएकी मरणाची भीती दाटून येई. छाती धडधडे, श्वास कोंडे, 'मी मरतोय' म्हणत ते परिचारिकांच्या टेबलाकडे धावत जात. वीस मिनिटं कुणीतरी हात धरून बसे, मग ओसरे. काही तासांनी पुन्हा तेच. मनोविश्लेषण झालं होतं, लार्गॅक्टिल देऊन झालं होतं, गुण नाही.

त्यांतल्या एकाला इमिप्रॅमिन सुरू करून दोन-तीन आठवडे झाले. रुग्णाला विचारलं तर म्हणे, काही फरक नाही. त्याच्या मानसोपचारकाचंही तेच मत. फरक दिसला तो परिचारिकांना: हा माणूस आठवडाभरात एकदाही आमच्याकडे धावत आलेला नाही. रुग्णाला याबद्दल छेडलं तेव्हा तो म्हणाला, तुमच्याकडे येऊन काही होत नाही हे मला आता कळलंय. दहा महिने दिवसातून तीन-चार वेळा धावणाऱ्याला हे नेमकं याच आठवड्यात कसं कळलं, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. झटके थांबले होते. पण झटका येईल ही धास्ती मात्र तशीच होती. एकट्याने बाहेर पडायला तो अजून तयार नव्हता.

क्लाइनने यातून काढलेला निष्कर्ष धाडसी होता. चिंता ही एकच वस्तू असून ती कमी-जास्त होते, असं सगळे मानत. तसं असतं तर औषधाने धास्ती आधी कमी व्हायला हवी होती आणि झटके मागाहून. इथे मोठी भीती गेली आणि लहान भीती उरली. म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1964 मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं. औषधाने रोगाचं विच्छेदन, असं या पद्धतीचं वर्णन पुढे रूढ झालं.

तर्क मोहक आहे, पण सैलही आहे. पॅरासिटामॉलने ताप उतरला यावरून तो हिवतापाचा की विषमज्वराचा, हे कधी कळतं का? इमिप्रॅमिन नैराश्यावर चालतं, भयाच्या झटक्यांवर चालतं, आणि 1960 पासून अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलांनाही ते देऊ लागले. या तिघांचा आजार एक, असं कुणी म्हणणार नाही. औषधाने फरक दाखवला तर तो शोधायला जावं. साम्य दाखवलं तर मात्र दहा वेळा तपासावं.

उन्माद आणि स्किझोफ्रेनिया यांतला फरक लिथियमने आता दोन देशांपुढे मांडला होता. अमेरिकन रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाची भरमार आणि ब्रिटनमध्ये उन्माद-नैराश्याची, असं आकडे सांगत होते. अटलांटिक ओलांडताच मेंदू बदलतो की डॉक्टर? न्यूयॉर्क आणि लंडनच्या रुग्णालयांत एकाच पद्धतीच्या मुलाखती घेऊन संशोधकांच्या एका तुकडीने हे तपासलं. 1972 मध्ये आलेल्या तिच्या ग्रंथाप्रमाणे, न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनच्या जवळपास दुप्पट प्रमाणात करत होते. ठरावीक कसोट्या लावल्या की हा फरक जवळजवळ नाहीसा होई. एकाच रुग्णाच्या मुलाखतीची चित्रफीत दोन्हीकडच्या डॉक्टरांना दाखवली तेव्हा दोनतृतीयांशाहून जास्त अमेरिकनांनी त्याच्या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हटलं, ब्रिटिशांपैकी जवळपास कुणीच नाही. पूर्वी हा विद्वानांतला वाद ठरला असता. आता लिथियम होतं: चुकीचं नाव पडलेला उन्मादाचा रुग्ण योग्य औषधाला मुकत होता.

आगीत तेल 1973 च्या जानेवारीत पडलं. डेव्हिड रोझनहान या मानसशास्त्रज्ञाने 'सायन्स'मध्ये लिहिलं की आठ धडधाकट माणसं 12 रुग्णालयांत गेली, कानात आवाज येतात एवढंच खोटं सांगितलं, आणि सगळीकडे दाखल करून घेतली गेली. सरासरी 19 दिवस आत राहिली. मानसोपचारशास्त्राची शोभा झाली. सुझॅना कहालन या पत्रकार बाईंनी 2019 मध्ये त्या प्रयोगाची मुळं खणली तेव्हा रोझनहानने स्वतः डॉक्टरांना त्याहून बरंच काही सांगितलं होतं असं त्याच्याच केसपेपरवरून निघालं, आणि बाकीच्या माणसांतल्या बहुतेकांचा माग लागेना. पण हे 46 वर्षांनी. तोवर व्हायचं ते झालं होतं.

कोलंबिया विद्यापीठाचा रॉबर्ट स्पिट्झर रोझनहानवर तुटून पडला, पण वर्गीकरण नव्याने लिहावं लागेल हे त्याला पटलेलंच होतं. पाया सेंट लुइसच्या मंडळींनी घालून दिला होता: 1972 मध्ये फायनर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक विकारासाठी लक्षणांची यादी आणि किमान संख्या ठरवली. नैराश्यासाठी उदास मन, शिवाय आठांपैकी पाच लक्षणं, महिनाभर. पाचच का, चार का नाहीत? त्याआधी, 1957 मध्ये, दहांपैकी सहा लक्षणं अशी अट कॅसिडीने घातली होती. सहा का, असं त्याला पुढे विचारलं तेव्हा, तेवढी बरोबर वाटली, असं तो म्हणाला. आज जगभर नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावल्यांच्या वंशवेलीचं मूळ इतकं साधं आहे. तरी दोन डॉक्टर एकाच रुग्णाला एकच नाव देऊ लागले, हे काही थोडं नव्हे.

1980 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती निघाली. दुसरी 134 पानांची होती, ही 494. क्रेपेलिनची विभागणी परत आली, मनोविश्लेषणाची भाषा गेली. मनोविश्लेषकांचा लाडका 'न्यूरोसिस' शब्द बऱ्याच भांडणानंतर कंसात टिकला. आणि चिंतेच्या प्रकरणात एकाऐवजी दोन नोंदी दिसल्या: एक सततच्या काळजीची, दुसरी भयाच्या झटक्यांची, पॅनिक डिसऑर्डर. डोनाल्ड क्लाइन ही पुस्तिका तयार करणाऱ्या समितीवर होता.

पुढच्याच वर्षी अपजॉन कंपनीने अल्प्राझोलाम बाजारात आणलं, आणि पुस्तिकेतल्या नव्या नोंदीवर ते चालतं हे दाखवण्यासाठी अनेक देशांत मोठ्या चाचण्यांचा खर्च उचलला. 1990 मध्ये अमेरिकेत पॅनिक डिसऑर्डरसाठी मंजुरी मिळवणारं ते पहिलं औषध ठरलं. ज्याच्यामुळे हा विकार वेगळा ओळखता आला, त्या इमिप्रॅमिनचं पेटंट तोवर केव्हाच संपलं होतं. त्यासाठी अर्ज करायला कोणतीच कंपनी पुढे आली नाही.